‘द फादर’ : भिंतीच फितूर झाल्यावर

मी सिनेमा बघताना आधी फरशी बघते. धंद्याची खोड, दुसरं काय! जळगावात आमचं टाइल्स-सॅनिटरीचं दुकान आहे आणि काउंटरला बहुतेक वेळ मीच असते. पडद्यावर हिरॉईन हुंदके देत असते आणि माझं लक्ष तिच्या मागच्या डॅडोवर, म्हणजे भिंतीच्या टाइलवर. माल मोरबीचा दिसतोय, टाइलच्या फटीतला ग्राउट काळा पडलाय, ओट्याच्या कोपऱ्यात मिस्त्रीने तुकडा मारलाय. घरात यावरून माझी पुष्कळ टिंगल होते. ‘द फादर’ बघताना मात्र काहीतरी गडबड आहे ही पहिली शंका मलाच आली, आणि ती भिंतीमुळे आली.

सिनेमा २०२० चा, इंग्रजी. फ्लोरियन झेलर हा फ्रेंच नाटककार. स्वतःचंच २०१२ मधलं नाटक त्याने पडद्यावर आणलं आणि पटकथेसाठी ख्रिस्तोफर हॅम्प्टनला सोबत घेतलं. दिग्दर्शक म्हणून त्याचा हा पहिलाच सिनेमा, हे कळल्यावर मला जरा रागच आला. पहिल्याच खेपेला एवढं जमतं कसं? लांबी ९७ मिनिटं. लंडनमधल्या ऐसपैस फ्लॅटमध्ये राहणारा अँथनी नावाचा म्हातारा (अँथनी हॉपकिन्स), त्याची मुलगी ॲन आणि त्याची हातातून सुटत चाललेली आठवण, एवढीच गोष्ट. ॲनला कुणीतरी भेटलंय, ती पॅरिसला जाणार आहे, म्हणून बाबांकडे बघायला बाई ठेवायची आहे. आधीच्या बाईवर बाबांनी घड्याळ चोरल्याचा आळ घेऊन तिला पळवून लावलंय. घड्याळ अर्थात बाथरूममध्येच असतं, त्याच्या नेहमीच्या लपवायच्या जागी. इथपर्यंत आपण निवांत असतो. असे आजोबा प्रत्येक गल्लीत असतात.

मग अँथनीला घरात कुणाची तरी चाहूल लागते. बाहेर येऊन बघतो तर दिवाणखान्यात एक परका माणूस आरामात पेपर वाचत बसलाय. तो म्हणतो, मी ॲनचा नवरा, हे घर आमचं आहे, तुम्ही आमच्याकडे राहता. थोड्या वेळाने बाजारातून कोंबडी घेऊन ॲन येते, आणि ती ॲन नसते. म्हणजे सगळे तिला ॲनच म्हणतात, पण नटी वेगळी. ऑलिव्हिया कोलमनच्या जागी ऑलिव्हिया विल्यम्स. आणि तो नवरा? कसला नवरा, ती म्हणते, घटस्फोट होऊन वर्षं झाली की.

जळगावात मे महिन्यात दुपारी गिऱ्हाईक नावालाही फिरकत नाही. शटर अर्धं ओढून आम्ही घरी येतो. पुतण्याने लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला होता, शेजारी सासूबाई वाळलेल्या बिबड्यांचा डबा भरत बसल्या होत्या. त्यांना इंग्रजीचा गंध नाही, मधूनमधून मीच सांगत होते. त्यांचं माहेर पारोळ्याकडचं, त्यामुळे अहिराणी अजून सुटलेली नाही. ती दुसरी बाई दारातून आत आली आणि त्यांचा हात डब्यातच थांबला.

‘हाई कोन शे?’

‘ॲनच आहे म्हणते.’

‘हाई त्यानी पोर नही शे.’

पुतण्या हसला. म्हणाला, ‘आजी, तेच तर दाखवायचंय त्याला.’ आजीला ते पटलं नाही. कामाला नवीन लागलेल्या बाईवर ठेवतात तशी नजर त्यांनी पुढचा बराच वेळ तिच्यावर ठेवली. अँथनी हॉपकिन्सच्या चेहऱ्यावर नेमकं तेच चाललं होतं. मी आणि पुतण्या दोघंही ‘असं का केलं असेल’ याच्या चर्चेत शिरलो होतो. भाषा न कळणाऱ्या सासूबाई मात्र सरळ त्या म्हाताऱ्याच्या जागी जाऊन बसल्या होत्या.

आता भिंतींकडे येते. सुरुवातीला फ्लॅट उबदार आहे, पिवळट-तपकिरी, लाकूड आणि पुस्तकं, ज्या घरात माणूस तीस वर्षं राहिलाय असं वाटावं तसा. नंतर तोच हॉल निळसर, करडा होत जातो. दिवा बदलतो. खुर्च्या बदलतात. फायरप्लेसवर धाकट्या मुलीने, ल्युसीने, काढलेलं चित्र होतं, ते एकदा बघावं तर तिथे नसतं. पण पॅसेज तेवढाच लांब, दारं तिथेच, खिडकीतून येणारा उजेड त्याच बाजूचा. त्यामुळे हे घर वेगळं आहे असं ठणकावून म्हणता येत नाही, आणि तेच आहे असंही वाटत नाही. कॅमेरा कुठेही बोट दाखवत नाही, दचकवणारं संगीत नाही. मी रिमोट घेऊन मागे गेले, पुन्हा बघितलं, पुतण्याला दाखवलं. तो म्हणाला, ‘काकू, तुम्हाला सगळीकडे फरशीच दिसते.’ थोड्या वेळाने त्याच्याही लक्षात आलं, मग गप्प बसला.

हा फ्लॅट खरा नाही, स्टुडिओत उभा केलेला आहे. पीटर फ्रान्सिस या कलादिग्दर्शकाचं काम. नकाशा एकच ठेवायचा आणि फक्त फिनिशिंग बदलत न्यायचं, अशी ती युक्ती. माझ्याकडे रोज एक तरी गिऱ्हाईक विचारतं की भाभी, भिंत न तोडता घर नवं दिसेल का. दिसतं ना. रंग, टाइल आणि लाइट एवढ्या तिघांत घर ओळखू येईनासं होतं. इथे त्याच तीन गोष्टी वापरून एका माणसाला त्याच्या राहत्या घरातून उठवलंय. या कामाला ऑस्करचं नामांकन मिळालं, पण पुतळा ‘मँक’ या सिनेमाने नेला. माझ्या मते अन्याय झाला, पण मला कोण विचारतं!

भुसावळचं एक गिऱ्हाईक यावरून आठवलं. वडील रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. विसरायला लागले होते, गाडी किती लेट आहे असं सुनेला विचारायचे, पण घरात वावर आपला आपण होता. ते लेकीकडे अमळनेरला गेलेले असताना मुलाने घराचं काम काढलं. हौसेने बाथरूमच्या दाराशी काळ्या ग्रॅनाइटची पट्टी टाकली, आत चकचकीत पांढरी फरशी. म्हातारे परत आले आणि बाथरूमच्या दारात थांबले ते थांबलेच. पट्टीवर पाय ठेवेनात. मुलाला वाटलं हट्ट, सुनेला वाटलं म्हातारचळ. मी मिस्त्रीला घेऊन बघायला गेले, तर ते काठीने ती पट्टी चाचपत उभे होते. मला हळूच म्हणाले, ‘बाई, इथं खड्डा आहे. पोरंसोरं पडतील, काहीतरी झाका वरून.’ स्मृतिभ्रंशात डोळे शाबूत असले तरी खोल-उथळाचा अंदाज जातो. गडद पट्टा खड्डा वाटतो, चकाकणारी फरशी ओली वाटते. पट्टी काढून बाजूच्या फरशीच्याच रंगाची मॅट टाइल बसवली, कमोडची सीट भिंतीहून वेगळी उठून दिसेल अशी गडद घेतली, आणि गार्डसाहेब पुन्हा आपले आपण जायला लागले. तेव्हापासून कुणी ‘घरात म्हातारं माणूस आहे’ म्हटलं की मी ग्लॉसीचा कॅटलॉग उघडतच नाही.

त्या मुलाचं काय चुकलं होतं? काहीच नाही. त्याला बाहेरून पट्टी दिसत होती. झेलरने मला आतून खड्डा दाखवला, एवढाच काय तो फरक, आणि या सिनेमाचं सगळं मोठेपण मला त्यातच वाटतं. सुरुवात आठवून बघा. ॲन लंडनच्या रस्त्याने झपाझप येतेय, मागे पर्सेल या जुन्या इंग्रज संगीतकाराच्या ऑपेरातलं गाणं जोरात चाललंय. आपल्याला वाटतं पार्श्वसंगीत. ती घरात येते तेव्हा कळतं, गाणं बाबांच्या हेडफोनमध्ये चालू होतं. आपण कुणाच्या डोक्यात बसलोय हे त्याने पहिल्याच प्रसंगात सांगून टाकलेलं असतं, फक्त आपल्या ते ध्यानात येत नाही.

मनाचे आजार दाखवायचे म्हटलं की आपल्या सिनेमांची एक ठरलेली सामग्री असते. पिंजारलेले केस, वाकडा कॅमेरा, विजेचे झटके, दोरीने बांधलेली नायिका. आणि आठवण गेली असेल तर शेवटच्या रिळात डोक्यावर दुसरा फटका बसून ती परत. बाहेरचे सिनेमे जास्त हुशार, पण त्यांनाही शेवटी पत्ते उघडायचे असतात की अमुक माणूस नव्हताच, तमुक सगळं मनात होतं. प्रेक्षक टाळी वाजवून घरी जातो. इथे तसं कुलूपही नाही आणि किल्लीही नाही. पुतण्या इंजिनिअरिंगचा, त्याने कागदावर क्रम मांडायला घेतला. पॅरिस आधी की घटस्फोट आधी, जावई एक की दोन, कोंबडीचं जेवण कोणत्या रात्रीचं. कसंही लावलं तरी एक तुकडा हातात उरतोच.

त्यातलं जेवणाचं दृश्य तर मी मुद्दाम सांगते. अँथनी जेवायला येतो, तेव्हा लेक-जावई त्याला कुठेतरी ठेवण्याबद्दल बोलत असतात. तो ऐकतो, टेबलावर बसतो, बोलाचाली होते, तो उठून जातो. परत येतो, तर तेच बोलणं पुन्हा त्याच शब्दांपासून चाललेलं. कट कुठे मारला ते दिसत नाही. मला वाटलं व्हिडिओ मागे गेला. पुतण्यानेही लॅपटॉपकडे हात नेला. आमच्या दोघांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो भाव होता तोच तर पडद्यावर होता!

मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ याच आजारावर आहे. मोहन आगाशेंचे संस्कृत पंडित एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात आणि आपण त्यांच्या मुलीबरोबर त्यांना शोधत फिरतो. काळजी, राग, शरम, दमणूक, सगळं शोधणाऱ्यांच्या बाजूने. अमृता सुभाषने केलेली माहुताची बायको अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते, ती मी विसरणार नाही. खरं सांगायचं तर ‘अस्तु’ मला अजूनही जास्त जवळचा आहे, त्यात माया जास्त आहे. पण भीती मला या सिनेमात वाटली. ‘अस्तु’ बघून मी माहेरी आईला फोन केला होता. हा बघून घरातली सगळी दारं नीट बघून घेतली.

अँथनी हॉपकिन्सबद्दल लोकांनी भरपूर लिहिलंय, मी एकाच दृश्याबद्दल बोलते. बाबांकडे बघायला लॉरा नावाची नवी मुलगी येते, इमोजेन पूट्स. म्हातारा खुलतो. तिला ड्रिंक देतो, मी नर्तक होतो म्हणून चार पावलं टाकून दाखवतो (होता इंजिनिअर). ती हसते, ॲन हसते, आपणही हसतो, किती गोड म्हातारा. तो तिला म्हणतो तू माझ्या ल्युसीसारखी दिसतेस. आणि मग सूर जराही न बदलता तिच्या हसण्यावर असा काही घाव घालतो की समोरची पोरगी गार होते. लगेच ॲनचा नंबर, ही माझ्या घरावर डोळा ठेवून आहे वगैरे. ओरडणं नाही, डोळे फिरवणं नाही. ज्यांनी असं माणूस घरात सांभाळलंय त्यांना ते वळण ओळखीचं वाटेल, की चांगलं चाललेलं असतं आणि मध्येच पाय घसरतो.

या भूमिकेसाठी त्याला ८३ व्या वर्षी ऑस्कर मिळालं, अभिनयाचं ऑस्कर मिळवणारा तो सगळ्यात वयस्कर. २०२१ च्या त्या समारंभाला गेलाच नव्हता, वेल्समध्ये होता. झेलरने पात्राचं नाव मुद्दाम अँथनी ठेवलं, आणि डॉक्टरसमोर तो जी जन्मतारीख सांगतो, ३१ डिसेंबर १९३७, ती हॉपकिन्सची स्वतःचीच आहे.

मला विचाराल तर कोलमन त्याच्या तोडीस तोड आहे. ॲनची अडचण अशी की तिच्यासमोरच बाप धाकटीचं कौतुक करत राहतो. ल्युसी कुठे आहे, ती येत का नाही, फोन का करत नाही. ल्युसीचं काय झालंय ते ॲनला माहीत आहे, सांगून उपयोग नाही हेही माहीत आहे. कोलमन दर वेळी हसायला सुरुवात करते आणि हसू ओठांवर पोचायच्या आत थांबतं. सासूबाईंनी मध्येच विचारलं, ‘याले पोरगा नही शे का?’ नाही म्हटल्यावर काही बोलल्या नाहीत. नंतर जावई त्याच्या तोंडाजवळ येऊन विचारतो, आणखी किती दिवस सगळ्यांच्या डोक्यावर बसणार आहात, आणि थोबाडीत मारतो. त्या तिथून उठून गेल्या. पाणी प्यायचंय म्हणाल्या.

ती थोबाडीत खरी की म्हाताऱ्याच्या मनातली, हे सिनेमा सांगत नाही आणि ते बरोबरच आहे. माझी तक्रार दुसऱ्या जागी आहे. एका रात्री ॲन झोपलेल्या बापाचा गळा दाबताना दिसते. तो तिच्या मनातला विचार आहे हे लगेच कळतं, पण मग आपण इतका वेळ बापाच्या डोक्यात होतो त्याचं काय? दिग्दर्शकाने स्वतःच घातलेला नियम तिथे मोडला. मुलीला मनातून असं वाटू शकतं हे कोलमनच्या चेहऱ्यावर आधीच दिसत होतं, ते करून दाखवायची गरज नव्हती. दुसरं म्हणजे या घराला शेजारच नाही. दार वाजवून ‘काका, आज चहा कुठे घेतला’ विचारणारं कुणी नाही, दुकानदार नाही, रिक्षावाला नाही. नाटकावरून आलेला सिनेमा, त्यामुळे चार भिंतींत राहणारच, आणि लंडन तसंच असेलही. तरी मला ते थोडं सोयीचं वाटलं. आमच्याकडे गार्डसाहेब स्टेशनच्या दिशेने निघाले की पानटपरीवाला त्यांना घरी आणून सोडतो आणि चार जणांना सांगतोही. त्याचेही ताप आहेतच, पण तो वेगळा सिनेमा झाला असता.

पुढचा परिच्छेद ज्यांना शेवट कळायला नको त्यांनी गाळावा. अँथनी एका सकाळी उठतो, तर खोली अरुंद, भिंती फिक्या, पलंग संस्थेचा. आत येते ती नर्स म्हणजे ती ‘दुसरी ॲन’. तिचं नाव कॅथरीन. पेपर वाचत बसलेला तो परका म्हणजे इथला कर्मचारी, बिल. ॲन केव्हाचीच पॅरिसला गेली आहे, अधूनमधून येते. इतका वेळ घरात घुसलेले परके हे या खोलीतले चेहरे होते आणि त्याच्या मनाने ते जुन्या घरात नेऊन बसवले होते. म्हणजे घर नुसतं बदलत नव्हतं, ते हळूहळू ही खोली होत होतं, खुर्चीमागून खुर्ची. यानंतर हॉपकिन्स विचारतो की मग मी नक्की कोण आहे, आणि आईला हाक मारतो. हे दृश्य मी शब्दांत सांगत बसत नाही.

बघायचा असेल तर सबटायटल लावूनच बघा, संवाद हळू आवाजात आहेत. कुलरच्या घरघरीत काही ऐकू येत नाही, आम्ही शेवटी कुलर बंद करून घामात बसलो. लहान मुलं सोबत नकोत. घरात ज्यांना नुकतंच विसरायला होऊ लागलंय अशा माणसाबरोबर तर मुळीच बघू नका, त्यांना सांभाळणाऱ्यांनी मात्र जरूर बघा, शक्यतो दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा माणसांकडे बघू नका, मागचे दिवे, खुर्च्या आणि स्वयंपाकघर बघा. मी तसा बघितला आणि पहिल्यापेक्षा जास्त आवडला. सासूबाई दुसऱ्यांदा बसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, ज्या घरात कोंबडी शिजवून कुणी एक माणूस धड जेवत नाही, त्यांचं पुन्हा काय बघायचं.